‘जि. द. सातारा’ लिहिलेला ढोल : तासगावच्या एका शाळेच्या बँडपथकाच्या प्रकल्प नोंदी

16 जून 2025, सोमवार

शाळा आज भरली. शाळेच्या जुन्या बँडचं प्रदर्शन मांडायचं, म्हणून पोरांच्या नव्या दप्तरांच्या गर्दीतच आम्ही मागच्या खोलीच्या माळ्याला शिडी लावली. मुख्याध्यापकांनी परवानगी उन्हाळ्यातच दिली होती, पण माळ्यावर चढायला तयार असलेला माणूस आज मिळाला: शाळेचे शिपाईमामा.

खाली आलं ते असं. मोठा ढोल एक, एका बाजूचं पान (वाजवायचं कातडं) फाटलेलं, दुसऱ्या बाजूचं गायब. साइड ड्रमची, म्हणजे गळ्यात अडकवायच्या लहान ढोलांची, चार रिकामी खोकी, त्यातली दोन पितळी आणि दोन लाकडी. पोचा पडलेला एक बिगूल. बँड मेजरच्या काठीचा पितळी गोळा, काठी नाही. लेझमींचा ढीग, बहुतेकांच्या साखळ्या गंजून चकत्या गळालेल्या. झांजेचा एकच ताट. आणि पोत्यात गुंडाळलेल्या दोन फ्रेमा, काचा फुटलेल्या.

मोठ्या ढोलावर शाळेचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलंय, खाली ‘ता. तासगाव, जि. सांगली’. सांगलीवरचा रंग सोलला आहे आणि त्याखालून आधीची पिवळी अक्षरं डोकावतात. चित्रकलेच्या बाईंनी कापसाचा बोळा ओला करून हळूहळू धूळ काढली तेव्हा ती वाचता आली: ‘जि. द. सातारा’.

नववीतला एक मुलगा म्हणाला, “सर, दक्षिण सातारा कुठं आहे?” म्हटलं, तू उभा आहेस तिथंच.

20 जून, शुक्रवार

ढोल कधीचा हे ठरवायचं काम आज बरंच पुढं सरकलं.

तासगाव ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्यात होतं. 1 ऑगस्ट 1949 ला दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, आणि 21 नोव्हेंबर 1960 ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे गाव जागचं हललं नाही, पण साधारण बारा वर्षांत पोस्टाचा पत्ता तीनदा लिहावा लागला. पिवळी अक्षरं या अकरा वर्षांतलीच असणार. एखाद्या पेंटरनं जुन्या सवयीनं नंतरही तसंच लिहिलं असेल, अशी शंका शिक्षकखोलीत निघाली. म्हणून डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, मागवलं.

रजिस्टरचं पुठ्ठ्याचं वेष्टण आणि पहिली पानं वाळवीनं खाल्लीत, त्यामुळे वर्ष लिहिलेली जागाच नाही. पण ‘बँड साहित्य’ या डोक्याखाली मोठा ढोल 1, लहान ढोल 4, बिगूल 2, झांज जोड 1 अशी नोंद सापडली आणि पुढं किंमत आहे रुपये-आणे-पैमध्ये. नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून आले. बाजारात आणे त्यानंतरही काही वर्षं चालले, हे खरं. पण त्याच रजिस्टरात पुढच्या पानांवर तोच कारकुनी हात एकदम ‘न.पै.’ लिहायला लागतो, आणि बँडचं पान त्याच्या बऱ्याच आधीचं आहे. तेव्हा खरेदी 1949 ते 1957 च्या दरम्यानची. आम्ही फलकावर एवढंच लिहिणार. ‘अंदाजे 1952’ असं लिहून टाकूया, असं एकदोघांचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. एकदा आकडा छापला की पुढच्या स्मरणिकेत त्याच्या आधीचा ‘अंदाजे’ हमखास गळतो.

पितळी खोक्याच्या कडेवर मेरठचा ठसा आहे. त्यात नवल नाही. बँडच्या वाद्यांसाठी देशभरातून मेरठच्या जली कोठी भागाकडेच माल मागवत. तिथला नादिर अलींचा कारखाना 1885 सालचा, लष्करी बँडमधल्याच माणसानं काढलेला. पलटणींना लागणारं साहित्य बनवणारे हे लोक पुढं लग्नाच्या बँडना आणि शाळांना माल पुरवू लागले.

29 जून, रविवार

निवृत्त पीटी सरांच्या घरी. वय ऐंशीच्या पुढं, पण मी आत शिरताना वाकलो तर म्हणाले, “छाती पुढं.” 

ते या शाळेत विद्यार्थी होते आणि नंतर शिक्षक. दोन्ही काळांतलं त्यांना नीट वेगळं करून सांगता येतं, हे फार मोलाचं. लहानपणी कवायतीचे हुकूम इंग्रजीतले ऐकल्याचं ते सांगतात: शिकवायला येणारे माजी सैनिक होते, त्यांच्या तोंडात तेच बसलेले. पुढं सावधान, विश्राम, दहिने मूड, तेज चल, थम हे हिंदी आले. मराठी मुलं, मराठी शाळा, आणि हुकूम हिंदीत, हे आजही तसंच आहे आणि कुणालाच खटकत नाही.

सगळ्यांत कामाची गोष्ट त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली. “राष्ट्रगीताआधी सात पावलांचा रोल. लहान सुरू करायचा, चढवायचा, उतरवायचा, सातव्याला पण ऐकू आला पाहिजे. मग एक ठोका गप्प. मग जन गण मन.” मी घरी येऊन राष्ट्रगीताबद्दलच्या सरकारी सूचना उघडल्या. बँडवर राष्ट्रगीत वाजायचं असेल तर आधी ड्रमचा रोल, संथ चालीच्या सात पावलांइतका. हळू सुरू होऊन शक्य तितका मोठा, मग पुन्हा हळू, सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येईल असा, आणि मग एका ठोक्याची विश्रांती. जसंच्या तसं. सूचनेचा कागद सरांनी बघितलेलाही नाही. हाताला शिकवलं गेलं ते हातानं जपलं.

मुलाखतीचा दुसरा भाग लेझमीचा. चार आवाज, आठ आवाज, दो रुख हे प्रकार त्यांनी बसल्या जागी हातवारे करून दाखवले. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात सुमारे 400 जणांनी लेझीम सादर केली, त्यात बहुतेक आपल्या सांगली जिल्ह्यातले. सर म्हणाले, त्याआधी 15 ऑगस्टला बँड पुढं आणि लेझीम मागं असायची. “दिल्लीनं बघितल्यावर आमाला पण दिसली.” पुढच्या वर्षापासून आमच्या शाळेनं लेझीम पुढं घेतली.

5 जुलै, शनिवार

फ्रेमांमधले फोटो काढून वाळवले. स्टुडिओवाल्या मित्रानं दोन्ही मोठ्या रेझोल्यूशनवर स्कॅन करून दिले, पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला. पहिल्या फोटोत सगळी मुलंच, पांढरा सदरा, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर गांधी टोपी, बहुतेक अनवाणी. गळ्यात विलायती धाटणीचे ढोल. दुसऱ्यात मुली आहेत. त्याबद्दल पुढं.

12 जुलै, शनिवार

भिलवडी. इथं राहणारे एक आजोबा पहिल्या फोटोतल्या मागच्या रांगेत असावेत, असं सरांनी सांगितलं होतं. फोटो दाखवला तर त्यांनी आधी स्वतःला सोडून बाकीच्यांना ओळखलं. त्यांच्याकडचा सगळा अल्बम ऑगस्ट 2019 च्या महापुरात गेला. पाणी उतरल्यावर गठ्ठा उचलला तर सगळे फोटो एकमेकांना चिकटलेले, सोडवायला गेलं की चेहरेच निघून यायचे. कृष्णाकाठच्या गावांत आमच्या या कामाला ही एक कायमची अडचण. 2005 ला एकदा आणि 2019 ला एकदा, असं दोनदा नदीनं कपाटं रिकामी केली. तासगाव नदीपासून लांब आहे म्हणून आमचा माळा वाचला.

आजोबांचं लहानपण सेवादलाच्या शाखेवर गेलं. राष्ट्र सेवा दलाची उभारणी 1941 ची. या भागात त्याचा जोर मोठा होता. शाखेवर संचलन, लेझीम, गाणी. शाळेचा बँड सुरू झाला तेव्हा तालात चालणारी पोरं आयती मिळाली, असं ते सांगतात. “पावलं आमची तयार हुती. ढोल तेवढं नवं.”

माझ्या डोक्यात आतापर्यंत शाळेचा बँड म्हणजे पलटणीची नक्कल असं होतं. साताऱ्या-सांगलीकडं घरटी फौजेतला माणूस, त्यामुळे तो अर्थ लगेच सुचतो. पण आजच्या बोलण्यानंतर दुसरी धार दिसते: प्रभातफेरी. झेंडा पुढं, दोनदोनच्या रांगा, घोषणा, गाणी. ढोल आणि बिगूल या चालण्यावर नंतर चढवले गेले.

20 जुलै, रविवार

बिगूल दुरुस्त होऊन आला. पोचा पूर्ण गेला नाही, पण वाजतो. नववीच्या मुलांनी विचारलं, यावर गाणं का वाजत नाही? फलकासाठी हे सोपं करून लिहायचं म्हणून संगीताच्या सरांना बोलावलं, त्यांनी पेटी शेजारी ठेवून दाखवलं.

बिगुलाला ना भोकं, ना दाबायच्या कळा. नळीची लांबी ठरलेली. सूर बदलतो तो फक्त ओठ आणि फुंकीनं. त्यामुळे त्या एका नळीत जे सूर नैसर्गिक बसतात तेवढेच निघतात, आणि रोजच्या वापरात ते पाच: सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, त्यावरचा प. रे नाही, म नाही, ध-नी नाही. जगातले सगळे बिगुलाचे इशारे एकमेकांचे चुलतभाऊ वाटतात, त्याचं कारण हे. आणि ज्या शाळेकडं नुसते ढोल-बिगूल, तिला राष्ट्रगीताची धून वाजवता येणंच शक्य नव्हतं. रोल ढोलावर, इशारा बिगुलावर, गाणं पोरांच्या गळ्यात. आमच्या रजिस्टरात बासरी किंवा क्लॅरिनेट कुठंही नाही. त्यामुळे ‘पूर्वी आपला बँड जन गण मन वाजवायचा’ हे जे तीनचार माजी विद्यार्थ्यांनी छातीठोक सांगितलं, ते तसं नसणार. वाजवलं असेल ते रोलसकट गायलेलं.

यावर एकानं फोनवर भांडण काढलं. नोंद करून ठेवतो. ते म्हणतात क्लॅरिनेट होतं. पुढच्या नोंदीत त्याचं उत्तर मिळालं.

3 ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा.

क्लॅरिनेट होतं, पण शाळेचं नव्हतं. गावातल्या लग्नाच्या बँडच्या मास्तरांचं होतं. मोठ्या कार्यक्रमाला ते स्वतः येऊन मुलांच्या मागं उभे राहून वाजवायचे. त्यांच्या मुलाच्या घरी आज बसलो होतो. मुलाचं वय सत्तर, हलगी अजून वाजवतात, सनई सोडली, “दात गेले म्हणून”.

हकिगत अशी. ढोल आणले, पण शिकवायचं कुणी? माजी सैनिकांना चालायचं माहीत होतं, हुकूम माहीत होते. वाजवणारा त्यांत कुणी नव्हता. तेव्हा शाळेनं या मास्तरांना बोलावलं. हलगी, सनई, घुमकं वाजवणारी घरं आपल्याकडं गावोगाव ठरलेली, बहुतेक मातंग आणि होलार. देवाची पालखी, लग्न, बैलपोळा, कुस्तीचं मैदान, यांच्याशिवाय काहीच हलायचं नाही. आणि जेवायच्या पंगतीत यांची जागा सगळ्यात शेवटी. मास्तर शाळेच्या मैदानावर शिकवायचे. पोरगा सोबत जायचा.

“ऑफिसात कधी गेले न्हाईत वडील. मैदानावर यायचं, शिकवायचं, जायचं. हेडमास्तर चांगले हुते, धान्य द्यायचे. पैशाचं काय लिवलेलं नसणार बगा.”

नसणारच. मी मस्टर बघितलंय, पगारपत्रकं बघितलीत, अहवाल बघितलेत. अहवालांत दरवर्षी एकच वाक्य: ‘बँडपथकाने पाहुण्यांना सलामी दिली.’ खाली क्रीडाशिक्षकाचे आभार.

मग त्यांनी हलगी घेतली आणि दाखवलं. हलगी डाव्या हातावर, अंगाशी धरलेली. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हाताच्या बोटांत बारीक काडी. डावा हात हलगी सांभाळतो, म्हणून काडीला मनगटाची मोकळीक नाही; सगळं काम बोटांचं. आता साइड ड्रम बघा. तो पट्ट्यानं गळ्यात अडकवलेला, डाव्या मांडीवर तिरका. तिरका असल्यामुळे डाव्या हाताची काठी उजव्यासारखी धरताच येत नाही. अंगठ्याच्या बेचक्यातून, तळवा वर करून धरावी लागते. नवशिक्या मुलाचा सगळा घोळ याच हातात. आणि हलगी वाजवणाऱ्याचा डावा हात आधीच बोटांनी काम करायला शिकलेला. मास्तरांनी विलायती ड्रम पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्यांना तो ओळखीचा वाटला असणार.

पण एका गोष्टीसाठी त्यांना स्वतःला बदलावं लागलं. लय. मिरवणुकीची लय चढती असते. लेझीम संथ सुरू होते, हलगी तिला टोचत राहते, ठेका दुप्पट होतो, शेवटी धुरळा. संचलनाची लय सुरू झाली तिथंच संपली पाहिजे: मिनिटाला 120 पावलं, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढीच. गावातली पोरं लेझमीवर वाढलेली. बँडमध्ये आली की निम्म्या मैदानात पळायला लागायची. यावर मास्तरांचा इलाज म्हणजे मोठ्या ढोलाला मोजका ठोका द्यायचा आणि ढोलाच्या पुढं स्वतः काठी टेकत चालायचं. काठी पडेल तेव्हाच ठोका. “वडील म्हणायचे, मिरवणुकीत देव पुढं जातो, परेडमध्ये पाय पुढं जातात. देवाला घाई चालती, पायाला न्हाई.”

मुलाला बँडमध्ये घेतलं होतं का, असं विचारलं. ते थोडा वेळ हलगीच्या कडीवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, शाळेत नाव होतं, बँडात नव्हतं. सदरा आणि बूट घरचे लागायचे. मग स्वतःच हसले: “अन् मी घेतला असता तर बाकीच्यांचं ऐकूच आलं नसतं.”

फोटोत मास्तर नाहीत. दोन्ही फोटो पुन्हा मोठे करून बघितले. पहिल्या फोटोच्या उजव्या कडेला अर्धी काठी आणि धोतराचा सोगा दिसतो. तो त्यांचाच, असं मी लिहिणार नाही. मुलाला मात्र दाखवणार.

10 ऑगस्ट, रविवार

दुसऱ्या फोटोतल्या मुलींपैकी एक आजी विट्याला असतात. फोटोत मुलींच्या हातात ट्रँगल आणि झांजा, एकीच्याच गळ्यात साइड ड्रम. ती एकटी म्हणजे याच.

“मास्तर म्हणाले, पोरीनं ढोल गळ्यात घालायचा न्हाई. मी म्हटलं, घागर डोक्यावर चालती, ढोल गळ्यात का न्हाई? तर गप बसले.” मास्तर म्हणजे इथं शाळेतले एक शिक्षक, बँडवाले नव्हेत, दोनदा विचारून खात्री केली. बँडवाल्या मास्तरांनी तिला घराच्या ओट्यावर, पाट उलटा ठेवून त्यावर शिकवायला सुरुवात केली, कारण शाळेच्या ढोलाला हात लावायला आधी परवानगी हवी होती. पहिल्यांदा मैदानात उतरल्या तो 26 जानेवारी. आईला सांगितलंच नव्हतं. आई बघायला आली होती आणि, आजींच्या शब्दांत, “पदर तोंडात धरून हसत हुती की रडत हुती, मला आजपतूर कळलं न्हाई.”

लग्नानंतर ढोल सुटला. मी साइड ड्रमच्या काठ्या नेल्या होत्या. त्यांनी डावी काठी बरोबर बेचक्यात धरली आणि टीपॉयवर सात पावलांचा रोल वाजवला. ध्वनिमुद्रण झालं आहे. मधे कुकरची शिट्टी आहे, ती काढायची नाही असं ठरलं.

15 ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. संचलन झालं ते ब्लूटूथ स्पीकरवर. लष्करी बँडची ध्वनिफीत लावली, मुलांनी पावलं टाकली, छान झालं. खरंच छान झालं, रांगा सरळ होत्या. पण स्पीकर व्यासपीठाजवळ आणि शेवटची तुकडी शंभर मीटरवर, त्यामुळे मागच्या मुलांचा पाय दरवेळी उशिरा पडत होता. आवाजाला शंभर मीटरला जवळजवळ सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. 120 च्या चालीत अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. म्हणजे पाऊल अर्ध्याहून थोडं जास्तच सरकलं. बँड तुकड्यांच्या मधोमध का चालवतात, याचं उत्तर मुलांना कागदावर न सांगता मिळालं.

28 ऑगस्ट, गुरुवार, ऋषिपंचमी

आज रथोत्सव. परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपती मंदिरातून रथ निघतो, भाविक दोर धरून काशिविश्वेश्वर मंदिरापर्यंत ओढत नेतात आणि परत आणतात. गावाला संचलन माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून रस्त्यातून रांगेनं, वाद्यांसह, ठरलेल्या वाटेनं जाणं माहीत होतं, ते या रथामुळे. दाक्षिणात्य पद्धतीच्या सात मजली गोपुरासमोर उभं राहून मोबाइलवरच्या मेट्रोनोमनं हलगीची लय मोजायचा उद्योग मी केला. लोकांनी बाजूला ढकललं, गुलाल स्क्रीनवर बसला. तरी मोजता आली: शंभराच्या आत सुरू झाली, रथ हलला तेव्हा दीडशेच्या पुढं.

डॉल्बीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. एवढंच लिहितो की रथाच्या दोरापाशी आजही हलगीच लागते. हजारो माणसांना एका झटक्यात ओढायचं असतं. तो झटका कधी द्यायचा हे समोर बघणारा वादकच ओळखतो.

3 सप्टेंबर, बुधवार

आजच्या तारखेला 1942 साली तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि कचेरीवर तिरंगा लागला. गोळी चालली नाही. सहा दिवसांनी, 9 सप्टेंबरला, वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मा झाले, आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळी चालली. पुढं प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना समांतर चालवलेल्या लोकांच्या सरकारच्या काळात, औंध संस्थानातल्या कुंडलला त्याच्या तुफान सेनेच्या जवानांची कवायत चालायची.

हे बँडच्या इतिहासात घ्यायचं का? आमच्यात मतभेद झाले. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, वाद्य नाही, बँड नाही, मग विषय कुठला? माझं म्हणणं असं की पहिल्या फोटोतली मुलं मोर्चाच्या वेळी पाळण्यात किंवा बापाच्या खांद्यावर होती. गांधी टोपी घालून साहेबाचा ढोल वाजवणं त्यांना विसंगत वाटलं नाही, कारण रस्त्यानं रांगेत चालण्याचा अर्थ त्यांच्यासाठी 1942 नं ठरवून टाकला होता. शेवटी एक छोटा फलक मंजूर झाला, तोही दाराच्या मागच्या भिंतीवर.

9 सप्टेंबर, मंगळवार

मास्तरांच्या फलकाचा मजकूर बैठकीत आला. मी लिहिलं होतं: ‘या बँडला वाजवायला शिकवलं ते गावातल्या लग्नाच्या बँडच्या मास्तरांनी. शाळेच्या कोणत्याही कागदावर त्यांची नोंद नाही.’ दुसरं वाक्य काढा, असं दोघांचं म्हणणं पडलं. शाळेची बदनामी होते. पहिलं वाक्य पुरे आहे.

बराच वेळ गेला. दुसरं वाक्य काढलं तर पहिलं आम्ही कशाच्या आधारावर लिहितोय हे कळत नाही, एवढंच मी सांगत राहिलो. शेवटी पीटी सर बोलले, जे इतका वेळ गप्प होते. “अहवालात आभार माझे छापले दरवर्षी. मी ते घेतले. आता वाक्य ठेवा.” राहिलं.

जात लिहायची की नाही, यावर मुलालाच विचारायचं ठरलं. विचारलं. ते म्हणाले, लिहा, त्यात काय लपवायचं, सगळं गाव ओळखतं.

22 सप्टेंबर, सोमवार

कर्मवीर भाऊराव पाटील जयंती आणि घटस्थापना यंदा एकाच दिवशी. गावातल्या मिरवणुकीत शाळांचे चित्ररथ, लेझीम, सगळं होतं. आमचं प्रदर्शन दुपारी उघडलं. गर्दी पहिल्या फोटोपाशी. लोक मोबाइलवर फोटोचा फोटो काढून चुलत्यांना पाठवत होते, त्यातून आणखी चार नावं लागली. मोठ्या ढोलाला नवं पान बसवून घेतलंय. मिरजेच्या तबला दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं एवढ्या मोठ्या तोंडाचं चामडं मिळायला वेळ लागेल म्हणून प्लॅस्टिकचं सुचवलं. प्लॅस्टिक पावसात उतरत नाही, चामडं उतरतं, पण चामड्याचा ठोका पोटात लागतो. आम्ही एका बाजूला हे, एका बाजूला ते बसवलं. रंग अजिबात काढलेला नाही, पिवळी अक्षरं आणि पांढरी अक्षरं दोन्ही तशीच.

27 सप्टेंबर, शनिवार

शाळेनं बँड पुन्हा सुरू करायचं ठरवलंय, तूर्त मोठा ढोल एक आणि साइड ड्रम चार. बिगुलाला अजून कुणाची फुंक पुरत नाही. सत्तरीचे हलगीवाले काका दर शनिवारी येणार. आज पहिला तास झाला. सात मुलगे, नऊ मुली. ड्रम चारच, म्हणून बाकीच्यांनी बाकांवर वाजवलं आणि वरच्या वर्गातून तक्रार आली.

मानधनाची पावती मी स्वतः फाडली. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, तारीख तपासली, सही केली आणि विचारलं, हे ऑफिसात जमा होतं ना? कारकुनानं रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर नोंद केली. एकच वाद शिल्लक आहे: शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे तास साडेसातला ठेवावा लागतो, आणि काकांचं म्हणणं, इतक्या सकाळी हलगी तापत नाही. पुढच्या शनिवारपासून शेकोटीची परवानगी मागायची आहे.